दोन ते चारचा पहारा

रात्रीचे दोन वाजत आले होते. मारुतीच्या देवळासमोरच्या मांडवात बारा माणसं उभी होती, सहा इकडे, सहा तिकडे, तोंडं एकमेकांकडे. कडेला पखवाजावर विशीतला एक पोरगा. मधोमध सत्तरीचे एक आप्पा, गळ्यात वीणा. बाहेर श्रावणाची भुरभुर. मांडवाच्या ताडपत्रीवर साठलेलं पाणी मधूनच एकदम खाली पडायचं आणि तेवढाच काय तो दुसरा आवाज. बाकी नुसतं नाम आणि टाळ.

मग चिखलाचे पाय रांजणाशी धुऊन दुसरा गट आत आला. त्यातला पुढचा माणूस आप्पांच्या पायांवर वाकला. आप्पाही त्याच्या पायांशी वाकले. वीणेचा पट्टा एका गळ्यातून निघून दुसऱ्या गळ्यात गेला. एकाची बोटं तारेवरून सुटली न सुटली तोच दुसऱ्याची तारेवर आली. वीणा जमिनीला टेकली नाही. टाळकरीही एकेक करून असेच बदलले. जुना माणूस वाजवता वाजवता मागे सरकायचा, नवा त्याच्या जागी उभा राहून टाळ धरायचा. मिनिटभराने पाहिलं तर रांगेतली सगळी माणसं निराळी होती आणि भजन तेच होतं.

सप्ताह सकाळी सहाला बसला होता. दोन-दोन तासांचा एक पहारा, दिवसाला बारा, सात दिवसांत चौऱ्याऐंशी. मी पाहत होते तो पस्तिसावा. १६८ तास नाम तुटू द्यायचं नाही, एवढा एकच नियम. बाकीचं सगळं त्या नियमाच्या पोटातून आलेलं.

गाव वैजापूर तालुक्यातलं, गोदावरीच्या काठचं. नाव लिहू का, असं विचारलं तर आप्पा म्हणाले, "कशाला? समद्याच गावांत होतंय की."

लाइपझिगचा रखवालदार

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'अनेक कंठ' असा कळवला, तेव्हा त्यांच्या मनात पाश्चात्त्य संगीतातल्या ईशस्तुतीच्या मोठ्या समूहरचना होत्या. म्हणून मी संगीतकार मेंडेल्सनची 'लोबगेझांग' पुन्हा ऐकायला काढली. नावाचा अर्थच स्तुतिगान. खिळे जुळवून छापण्याच्या कलेला ४०० वर्षं झाली म्हणून लाइपझिग या जर्मन शहराने १८४० साली उत्सव केला. छापखान्यांचं आणि प्रकाशकांचंच ते शहर. त्या उत्सवासाठी एकतीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सनने ही रचना केली आणि २५ जून १८४० रोजी ती सेंट थॉमस चर्चमध्ये सादर झाली. बाखने जिथे २७ वर्षं संगीताची सेवा केली, तेच हे चर्च.

रचनेची घडण वेगळी आहे. आधी तीन भाग नुसत्या वाद्यांचे. अगदी सुरुवातीला ट्रॉम्बोन एक छोटी, ठाम स्वरावली वाजवतात. पुढे समूहगायक उभे राहतात आणि तीच स्वरावली शब्द घेऊन येते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या दीडशेव्या, म्हणजे अखेरच्या स्तोत्राचे ते शब्द आहेत: ज्याच्यात श्वास आहे त्या प्रत्येकाने देवाला स्तवावं, असा त्यांचा भाव. त्याच स्तोत्रात देवापुढे काय काय वाजवावं याची यादी आहे. शिंग आहे, तंतुवाद्यं आहेत, डफ आहे, आणि यादीत शेवटी झांजा आहेत. हे वाचताना मला आपले टाळ आठवले नसते तरच नवल.

पण मला गावाकडे ओढून नेलं ते दुसऱ्याच एका जागेने. पहिल्या प्रयोगानंतर मेंडेल्सनने ही रचना पुन्हा हातात घेतली आणि मध्यावर एक प्रसंग नवा घातला. एकटा पुरुषस्वर अंधारात रखवालदाराला हाक मारतो. रात्र सरत आली का, हे तो पुन्हा पुन्हा विचारतो आणि दर वेळी त्याचा स्वर चढत जातो. उत्तर काही मनासारखं येत नाही. मग अचानक एक स्त्रीस्वर रात्र सरल्याचं सांगतो आणि त्या क्षणी सगळा समूह उसळून उठतो.

रखवालदार. आमच्या भागात पहारेकरी. सप्ताहाच्या पत्रिकेत हा शब्द दर वर्षी छापून येतो: वीणेकरी, टाळकरी, पहारेकरी. लहानपणापासून वाचलेला हा शब्द मी कधी नीट पाहिलाच नव्हता.

एक रात्र, एक वस्ती

या गावात पहाऱ्यांची वाटणी वस्त्यांवर आहे. एका वस्तीची एक वेळ, ती सातही दिवस तीच. यादी देवळाच्या भिंतीवर चिकटवलेली असते. सकाळी आठ ते दहाची, संध्याकाळी सहा ते आठची वेळ मागायला झुंबड असते. दोन ते चारची वेळ मात्र नदीकडच्या मळ्यातल्या वस्तीची, आणि ती त्यांच्यावर कुणी लादलेली नाही. "आमच्या आज्यानं मागून घेतलेली," असं वीणा घेणाऱ्या तात्यांनी सांगितलं. कारण विचारलं तर अगदी साधं निघालं. शेतीची वीज पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी असली की पाणी भरायला उठावंच लागतं. त्या वस्तीच्या डोळ्यांना या वेळेची सवय आहे.

रात्रीच्या कीर्तनाला हजारभर माणूस होतं. अकराला कीर्तन संपलं, सतरंज्या रिकाम्या झाल्या, चहाचं पातेलं पालथं पडलं. बारानंतर ऐकायला कुणी नसतं. एक कुत्रं, दोन झोपलेली पोरं, कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेली एक आजी. जे गातात तेच ऐकतात. ध्वनिवर्धक गावाने अकरालाच बंद केलेला. त्यामुळे पहिल्यांदाच मला टाळांचा खरा नाद ऐकू आला. मिटून मारलेला टाळ आखूड, कोरडा वाजतो. उघडा सोडला की त्याची लांब आस पुढच्या ठोक्यापर्यंत हवेत राहते. बारा टाळांच्या बारा आसा कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्यातूनच तो दाट, थरथरता नाद तयार होतो.

पखवाजाच्या पोराने मधल्या वेळेत डाव्या तोंडाची वाळलेली कणीक बोटाने खरवडून काढली. शेजारच्या वाटीत गव्हाची ताजी भिजवलेली कणीक होती. पाण्याचं बोट लावत त्याने ती गोल थापली, एक थाप मारून पाहिली, पुन्हा चिमूटभर काढली, पुन्हा थाप. तिसऱ्या वेळी 'धूम' खाली, खोल गेली. तेवढा वेळ टाळकरी नुसत्या टाळांवर नाम चालवत होते. तो आळंदीत शिकलेला. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. नेकनूरचे बंकटस्वामी आणि सोनोपंत दांडेकर ही त्यांच्याच परिवारातली माणसं. मराठवाड्यातल्या गावागावांत आज जो गायनाचार्य किंवा मृदंगाचार्य दिसतो, त्याचा किंवा त्याच्या गुरूचा धागा बहुधा आळंदीला जाऊन मिळतो. शंभर किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांतली माणसं एका रांगेत उभी राहून ओळख नसताना एकच चाल धरू शकतात, त्यामागे हे शिक्षण आहे.

चाल म्हणजे काय

आपल्या समूहगायनात चार निरनिराळे आवाज एकमेकांवर रचण्याची पद्धत नाही. मेंडेल्सनकडे ती आहे: बायकांचे दोन सूर, पुरुषांचे दोन, चौघांच्या वाटा वेगळ्या आणि मुक्काम एक. आपल्याकडे वाट एकच. मग आवाज इतका भरीव कसा होतो?

मी दोन्ही रांगांच्या मधे उभी राहून ऐकलं तेव्हा थोडं उमगलं. पुढचा गायक चरण टाकतो. समोरची रांग तो उचलते, पण सगळे एकदम नाही. जाणते दोघे पहिल्या अक्षरावर, मधले तिसऱ्या-चौथ्यावर, कडेची पोरं शेवटच्या शब्दावर. पोरांचा सूर वरच्या सप्तकात, म्हाताऱ्यांचा खालच्या. एखाद्याचा सूर किंचित उतरलेला. तोवर मागची रांग पुढच्या चरणाला हात घालते. एका चरणाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर येते. सूर काळी चारचा. एकट्याने गायला तर पाच मिनिटांत घसा बसेल इतका उंच. पण इथे दम घ्यायला कुणीही केव्हाही थांबू शकतो, शेजारी ओढ चालू ठेवतो. श्वास सगळ्यांचा मिळून एक असतो. अखंडपणा जमतो तो असा.

लय सुरुवातीला संथ असते. ध्रुपद फिरून फिरून येतं आणि दर फेरीला किंचित चढतं. पायही हलू लागतात, पावली पडते, पुढे दोन, मागे दोन. मग पखवाज दुगुनीत जातो आणि शब्द गळून नुसतं नाम उरतं. तिथून पुन्हा एकदम संथ. हे शिखर आणि ही उतरण दोन तासांत चार-पाच वेळा होते. कुठे चढायचं, कुठे उतरायचं हे कागदावर कुठेच नसतं. तात्या वीणा किंचित उंच करतात, पखवाजवाल्याशी नजर मिळते, बस्स.

याला मी एक संगीतरचना मानते. कर्ता नाही म्हणून ती कमी ठरत नाही. काकड्याने उघडणारी, दिवसभर पारायण, गाथाभजन, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन अशी अंगं असलेली आणि आठव्या दिवशी काल्याच्या कीर्तनाने मिटणारी. या सगळ्या अंगांखालून पहाऱ्याचं नाम आधारस्वरासारखं वाहत राहतं. वर कीर्तनकार कोण आहे यावर त्याचं काही अवलंबून नसतं.

नाथांची प्रत

सकाळी सातला मांडवाचं रूप पालटलं. दीडशेवर माणसं मांडी घालून ओळीने बसली, पुढे पाट, पाटावर ज्ञानेश्वरी. त्यात बायकाच जास्त, निम्म्याहून कितीतरी अधिक. व्यासपीठचालकांनी अध्याय आणि ओवीचा आकडा पुकारला आणि दीडशे आवाज एकदम वाचू लागले. नऊ हजारांवर ओव्या, सात दिवस, म्हणजे रोज साधारण तेराशे. कुणाकडे मोठ्या टाइपातली प्रत, कुणाकडे सासूची, पानं सुटलेली. पानांचे क्रमांक कुणाचे कुणाशी जुळत नव्हते. ओवीचा आकडा मात्र जुळत होता.

हे जुळणं फुकट मिळालेलं नाही. त्याची सुरुवात आमच्याच जिल्ह्यात, पैठणला झाली. ज्ञानेश्वरी नकला होत होत इतकी पाठभेदांनी भरली होती की एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, शके १५०६, म्हणजे १५८४ साली. नाथांची भारुडं आपण कौतुकाने सांगतो. हे काम मात्र त्याहून अवघड आणि कमी दिसणारं होतं. दीडशे माणसांनी एका सुरात वाचायचं तर आधी शब्द एक हवा. तो एक करण्यासाठी कुणीतरी पैठणात दिव्याच्या उजेडात पोथ्या पसरून बसलं होतं.

नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. किल्ल्यावर त्यांची समाधी आहे. किल्ल्यापासून घाट चढून गेलं की खुलताबाद लागतं. तिथे चौदाव्या शतकात शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांनी ईश्वरप्रेमाच्या समूहगायनाला, 'समा'ला, आपल्या साधनेत मानाची जागा दिली होती. गाऊन देवाला हाक मारावी ही ओढ या डोंगराच्या दोन्ही अंगांना जुनी आहे.

शुद्ध प्रत झाली तरी पोथी हातानेच लिहायची. घरोघरी ती पोचायला छापखाना यावा लागला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. लाइपझिगचा उत्सव १८४० चा, म्हणजे मधे अवघी पाच वर्षं. तुकोबांची गाथा मुंबई सरकारच्या मदतीने शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी १८६९ आणि १८७३ साली दोन खंडांत काढली. तिकडे छापण्याच्या कलेचे आभार मानायला शेकडो माणसांनी एकत्र गायलं. इकडे त्याच कलेने शेकडो माणसांच्या मांडीवर एकच ग्रंथ ठेवला आणि त्यांना एकत्र वाचता आलं. पाटावरची सासूची ती फाटकी प्रत पाहताना हे नातं मला फार जवळचं वाटलं.

आणखी एक नातं नगरचं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि मिशनच्या कामासाठी अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, राहिले. चर्चमध्ये तोवर बहुतांशी परक्या चालींवर बेतलेली भाषांतरित गीतं होती. टिळकांनी ख्रिस्ताची स्तुती अभंगात आणि पदात लिहिली, हाती चिपळ्या घेऊन कीर्तनं केली. मराठी ख्रिस्ती 'उपासनासंगीत'मध्ये त्यांची पदं आजही गायली जातात. मेंडेल्सनने ज्या स्तोत्रसंहितेतून शब्द घेतले, तिची लेकरं गोदावरीच्या खोऱ्यात अशी टाळ-मृदंगावर गात आली आहेत.

सरला बेट आणि आमटी

वैजापूर तालुक्यात सप्ताह म्हटलं की पहिलं नाव सरला बेटाचं. गोदावरीतलं हे बेट श्रीरामपूर आणि वैजापूर तालुक्यांच्या मधे आहे. गंगागिरी महाराजांनी सुरू केलेला अखंड हरिनाम सप्ताह दर वर्षी श्रावणात निराळ्या गावी बसतो. २०२५ साली १७८ वा सप्ताह वैजापूर तालुक्यातल्या शनिदेवगावला झाला. या सप्ताहाला माणसांचा महासागर असतो. प्रसाद मात्र आमटी-भाकरीचाच. आसपासच्या गावांतून घराघरात थापलेल्या भाकरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून येतात.

मी ज्या घरी उतरले होते तिथली काकू पहाटे पाचपासून चुलीपुढे होती. "आपल्या घराच्या एकवीस," ती म्हणाली. एकवीस का, तर सासूबाई एकवीस द्यायच्या. कुठल्या घरून किती भाकरी, हे गावात कुणी लिहून ठेवत नाही आणि पंगतीला कधी कमीही पडत नाहीत. पहाऱ्याची यादी आणि भाकरीचा हा हिशेब एकाच मनाने चालतो.

काकूलाच मी विचारलं, बायकांना वीणा मिळते का? या गावात दुपारी बारा ते दोन हा पहारा बायकांचा आहे, गेल्या काही वर्षांपासून. "पह्यले म्हनायचे, बायांनी टाळ्या वाजवाव्या. आता वीणा देत्यात. पन दुपारचीच." रात्रीची वेळ बायकांनी कधी मागितली का, यावर ती भाकरी उलटत म्हणाली, "मागू की. पोरीबाळी शिकायलात आता." पारायणाला निम्म्याहून जास्त बायका बसतात, भाकरी सगळ्या बायकाच करतात. वीणेच्या चौऱ्याऐंशी पहाऱ्यांतले सातच त्यांचे. हे प्रमाण बदलायला हवं, आणि ते बदलणं गावच्या हातात आहे.

मंडप मोठा, रांग लहान

काळजीची गोष्ट निराळीच आहे. सप्ताह वाढत आहेत, मंडप मोठे होत आहेत, कीर्तनकारांच्या तारखा वर्ष वर्ष आधी घ्याव्या लागतात. व्यासपीठावर पडदे लागतात, पडद्यावर कीर्तनकाराचा चेहरा दिसतो. माणसं येतात, बसतात, पाहतात, जातात. मीही अशा एका मोठ्या मंडपात गेले होते. ध्वनिवर्धकाच्या भिंतीसमोर माझ्या शेजारचे टाळकरी गात होते, पण त्यांचा स्वर त्यांना स्वतःलाच ऐकू येत नव्हता. तासाभराने निम्म्यांनी टाळ खाली ठेवले. कुणी रागावलं नाही, कुणाला कळलंही नाही.

कीर्तन ऐकायला हजार माणूस येणं चांगलंच आहे. पण सप्ताह कीर्तनावर उभा नाही. तो रांगेवर उभा आहे, आणि रांग लहान होत चालली आहे. वस्तीवरची तरुण पोरं वाळूजच्या कारखान्यांत पाळीला जातात. तात्यांच्या गटात पूर्वी बावीस टाळकरी असायचे, आता बारा. त्यातला एक रात्रपाळी बदलून घेऊन आला होता. ज्या गावांनी मंडपावर खर्च केला आणि पहाऱ्याची माणसं बाहेरून भाडोत्री आणली, तिथे नाम अखंड राहिलं असेल, पण ते गावाचं राहिलं नाही, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे.

त्या रात्री पावणेचारला भुरभुर थांबली. तात्यांनी लय चढवली, पावली पडू लागली, कोपऱ्यातली आजी घोंगडी बाजूला सारून उठली आणि टाळ्या वाजवत रांगेच्या टोकाला येऊन उभी राहिली. बाराची तेरा झाली. देवळाच्या पायरीवर कुणीतरी काकडा पेटवत होतं. अंधारातून एक एक कंदील, एक एक मोबाइलची बॅटरी मांडवाकडे येत होती. कडेला आंघोळ करून आलेली माणसं न बोलता मागे उभी राहत होती. चार वाजले. पुढच्या गटाने पाय धुतले. तात्या वाकले, समोरचा वाकला, वीणा गेली, आणि त्याच सुरावर, मधे रेघभरही जागा न सोडता, पन्नास-साठ कंठांनी काकड्याचा पहिला अभंग उचलला. लाइपझिगच्या त्या रखवालदाराला मिळालेलं उत्तर मी त्या वेळी समोर उभं राहून ऐकत होते.

दिवाळीनंतर, आणि पुन्हा चैत्रात, तुमच्या जवळच्या कुठल्या ना कुठल्या गावात सप्ताह बसेल. कीर्तनाला जाच, पण एका रात्री घड्याळ लावून दोनलाही जा. गाता येत नसलं तरी चालतं, मलाही येत नव्हतं. खांबाच्या खिळ्याला चार-पाच टाळ जास्तीचे अडकवून ठेवलेले असतात.